सूर्यास्तातला बर्फ खडूसारखा किंवा मळकट दिसतोय? दोष कुठे शोधायचा

तैलरंगात बर्फाळ सूर्यास्त रंगवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते. एक म्हणजे, आकाश मस्त जमलंय, पण खालचा बर्फ निर्जीव, खडू फासल्यासारखा दिसतो. दुसरी, चित्र हातावेगळं होईपर्यंत सगळंच राखाडी-तपकिरी होत जातं आणि नारिंगी-गुलाबी चमक कुठे गेली ते कळतच नाही. पुढच्या चित्राला रंग बदलतात, महागड्या ट्यूब येतात, तरी पुन्हा तेच. दोष रंगांत क्वचितच असतो. तो असतो गडद-फिकटाच्या हिशेबात, आणि हा हिशेब सर्वांत जास्त चुकवतो तो पांढरा.

म्हणून काहीही खरवडायच्या आधी दोन तपासण्या करा.

पहिली: चित्रापासून चार-पाच पावलं मागे जा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की उरतो तो टोन, म्हणजे नुसता गडद-फिकटपणा. आता एवढंच शोधा की चित्रातली सर्वांत फिकट जागा कोणती. ती सपाट बर्फात सापडली आणि सूर्याजवळचं आकाश तिच्याहून गडद निघालं, तर खडूचं कारण मिळालं.

दुसरी याहून सोपी. पॅलेट नाइफच्या टोकावर ट्यूबमधला निव्वळ टिटॅनियम व्हाइट घ्या आणि कॅनव्हासला न टेकवता बर्फाच्या सर्वांत उजळ भागासमोर धरा. नाइफवरचा पांढरा ठळक उठून दिसला पाहिजे. तो बर्फात विरून गेला, तर बर्फ आधीच वरच्या पायरीवर जाऊन बसलाय. आता त्यावर उन्हाचा एकही फटकारा मारता येणार नाही, कारण त्याहून उजळ असं पॅलेटवर काही शिल्लकच नाही.

बर्फ आकाशाहून गडद का हवा

बर्फ पांढरा असतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आणि तेच नडतं. सूर्यास्ताला उजेड देणारं आकाश असतं. बर्फ तो फक्त परत फेकतो. ताजा बर्फ आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० ते ९० टक्के परत फेकतो. हे प्रमाण भरपूर असलं, तरी मिळाल्याहून जास्त तो देऊ शकत नाही.

त्यात किरणांचा तिरकेपणा आला. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असेल, तर सूर्याकडे तोंड केलेल्या उभ्या पृष्ठभागाच्या मानाने सपाट जमिनीला थेट उन्हाचा जेमतेम अकरावा हिस्सा मिळतो. तेवढंच ऊन खूप मोठ्या जागेवर पसरतं. म्हणजे त्या वेळी खऱ्या अर्थाने उजळलेले असतात ते सूर्याकडच्या बाजूचे उतार, वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या कडा, झाडाच्या फांदीवर बसलेल्या थराचा सूर्याकडचा काठ. मधलं सपाट मैदान बऱ्यापैकी गडद असतं. आपण नेमकं तेच मैदान सर्वांत पांढरं रंगवतो.

सूर्य समोर असलेल्या चित्रात टोनची उतरंड साधारण अशी लागते: सूर्याभोवतालचं आकाश सर्वांत फिकट, मग ऊन लागलेल्या कडा, मग वरचं आकाश, त्याखाली सपाट बर्फ, त्याखाली सावल्या, आणि तळाशी झाडं. वरचं आकाश आणि सपाट बर्फ यांची जागा कधी कधी अदलाबदल होते. पण पहिलं स्थान सोडून द्यायचं नाही. ही उतरंड रंगाला हात लावण्यापूर्वी तळहाताएवढ्या कागदावर पेन्सिलीने करून पाहावी. त्यात बर्फाला सरळ शिसाची छटा द्यायला हात कचरतो. कचरला तरी द्या.

कॅनव्हास पांढराच ठेवून सुरुवात केली असेल, तर फसगत तिथून सुरू होते. पांढऱ्या कॅनव्हासवर मधली छटा लावली की ती फार गडद वाटते, मग आपण तिच्यात पांढरा घालतो, आणि शेवटी सगळंच फिकट होऊन बसतं. बर्न्ट सिएना (तांबूस-तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी अख्ख्या कॅनव्हासवर फिरवा, चिंधीने पुसून मध्यम टोनवर आणा आणि वाळू द्या. त्यावर बर्फाचा पहिला निळसर हात मारला की तो किती उजळ आहे ते लगेच कळतं. शिवाय फटकाऱ्यांच्या फटींतून डोकावणारा तो तांबूस थर सूर्यास्ताच्या चित्रात कामाचाच असतो.

तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहात?

हा प्रश्न विचारला की अर्धी चित्रं तिथेच सापडतात. सूर्यास्ताचं तेजस्वी आकाश चित्रात दिसतंय, याचा अर्थ पाहणारा प्रकाशाकडे तोंड करून उभा आहे. मग बर्फाच्या प्रत्येक उंचवट्याची त्याच्याकडची बाजू सावलीत असणार. उजेड मिळणार तो उंचवट्यांच्या वरच्या कडांना, आणि सूर्याच्या बरोबर खालच्या पट्ट्याला, जिथे तिरके किरण बर्फाच्या गोठलेल्या पापुद्र्यावरून सरळ आपल्याकडे उसळतात. अशा चित्रात बर्फाचा मोठा भाग निळा-जांभळा असतो आणि नारिंगी-गुलाबी अगदी थोडा. मी चारातले तीन भाग सावलीला देते आणि उरलेल्या भागातही हात आखडताच ठेवते. सगळा बर्फ गुलाबी करून टाकला की उजेड कुठूनच येत नाही, नुसता गुलाबी रंग दिसतो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात रंगवलेलं ‘मॅगपाय’ या दृष्टीने जरूर पाहावं. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. विषय सूर्यास्ताचा नाही, पण ऊन कुंपणाच्या पलीकडून येतंय, कुंपणाची सावली आपल्याकडे पडलीय आणि ती निळसर आहे. लांबून पांढरंशुभ्र वाटणारं हे चित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं, तर साईच्या रंगापासून फिकट जांभळ्यापर्यंत किती छटा आहेत ते दिसतं. १८६९ च्या सालों या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने ते नाकारलं होतं. पुढे १८९०-९१ मध्ये त्याने गवताच्या गंज्यांची जी मालिका केली, तिच्यातली बर्फातली चित्रंही अशीच समोर ठेवून अभ्यासावीत.

याउलट सूर्य पाठीशी असेल, तर समोरचे उतार खरोखर गुलाबी-नारिंगी उजळतात. पण मग आकाशात आग नसते. क्षितिजालगत निळसर-राखाडी पट्टा असतो, ती पृथ्वीचीच सावली; तिच्यावर मंद गुलाबी पट्टा आणि वर निळाई. या चित्रात बर्फ आकाशाहून फिकट असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोच. पेटलेलं आकाश आणि समोरून उजळलेला बर्फ, दोन्ही एका चित्रात घेतलं की डोळ्याला काहीतरी खोटं वाटत राहतं. बहुतेकदा हे दोन वेगवेगळे फोटो जोडून काम केल्याने होतं.

पडछाया तपासायला फूटपट्टी पुरते. सूर्य समोर असताना सपाट जमिनीवरच्या सगळ्या पडछायांच्या रेषा मागे वाढवल्या, तर त्या सूर्याच्या बरोबर खाली क्षितिजावर एका बिंदूत मिळायला हव्यात. म्हणजे आपल्याकडे येताना त्या पंख्यासारख्या फाकतात. सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर काढल्या असतील तर बर्फाची जमीन उभी राहिल्यासारखी वाटते, आणि मग रंग कितीही सुधारले तरी उपयोग होत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेलेला दाखवायचा असेल, तर धारदार पडछाया मुळातच नकोत. तेव्हाचा उजेड अख्ख्या आकाशातून पसरून येतो. हे आधीच ठरवून टाका, कारण मावळलेला सूर्य आणि लांबलचक सावल्या यांचा मेळ मागाहून बसवता येत नाही.

खडूसारखा बर्फ: पांढऱ्याचा इलाज

टिटॅनियम व्हाइट अपारदर्शक आहे आणि त्याची मात करण्याची ताकद जबर आहे. कुठल्याही रंगात मिसळला की तो रंग फिकट तर होतोच, सोबत शीत आणि फिकाही होतो. कॅडमियम रेडमध्ये पांढरा घाला, ज्वाळेचा रंग मिळत नाही, थंडसर गुलाबी मिळतो. म्हणून उन्हाची छटा उजळवायची असेल तर आधी पिवळ्याकडे जा: लालाकडून नारिंगीकडे, नारिंगीकडून कॅडमियम यलोकडे, आणि पांढरा सर्वांत शेवटी, लागेल तेवढाच. सूर्याभोवतीच्या आकाशालाही हाच नियम. तिथे निव्वळ पांढरा लावला तर बल्ब लावल्यासारखं दिसतं. बिंब फिकट पिवळं ठेवून भोवतालचा भाग किंचित गडद आणि अधिक रसरशीत केला की बिंब आपोआप पेटतं.

ऊन लागलेल्या बर्फासाठी मी वाटाण्याएवढ्या पांढऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा कॅडमियम ऑरेंज आणि त्याहून कमी क्विनाक्रिडोन रोझ (गडद गुलाबी) घेते. मिश्रण पॅलेटवर फार गडद वाटतं. ते पॅलेटवर जोखूच नका. सावलीच्या शेजारी कॅनव्हासवर एक ठिपका लावून पाहा. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी तोच ठिपका चमकतो. सावली आधी लागलेली नसेल तर ऊन लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. सावलीशिवाय लावलेलं ऊन दर वेळी जास्त पांढरं होतं.

पांढऱ्याच्या प्रकाराबद्दल थोडं. झिंक व्हाइट जास्त पारदर्शक आहे, त्याच्या फिकट छटा नाजूक येतात, म्हणून बर्फासाठी तो हमखास सुचवला जातो. पण तेलात त्याचा थर काळाने ठिसूळ होतो, तडकतो, सुटतोही. जाड थरात तो वापरू नये. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेतांक वाचा: पीडब्ल्यू ६ म्हणजे टिटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. नुसतं ‘व्हाइट’ लिहिलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये दोन्ही असतात. शिशाचा पांढरा सुंदर असला तरी विषारी आहे. घरी काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

बर्फ खडूसारखा होऊन वाळलाच असेल, तरी चित्र फुकट गेलेलं नाही. पूर्ण वाळलेल्या थरावर ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, देता येतं. सावलीच्या भागांवर अल्ट्रामरीन निळ्यामध्ये जरासा रोझ, ऊन लागलेल्या कडांवर पारदर्शक नारिंगी किंवा बर्न्ट सिएना, जवसाच्या तेलाच्या माध्यमात पातळ करून, आणि लगेच चिंधीने निम्मं पुसून. असे एक-दोन हात दिले की टोन खाली येतो. मग मोजक्या जागी पुन्हा घट्ट, उजळ रंग.

मळकट होणं

नारिंगी आणि निळा एकमेकांचे विरोधी रंग. शेजारी ठेवले तर दोघेही उजळतात, एकत्र घोटले तर राखाडी होतात. बर्फाळ सूर्यास्त म्हणजे जागोजागी याच दोघांची गाठ, त्यामुळे इतर कुठल्याही निसर्गचित्रापेक्षा इथे मळ लवकर होतो. आकाशात त्यात आणखी एक भर पडते: खालचा पिवळा वर निळ्याला भिडतो आणि हिरवा पट्टा तयार होतो. खऱ्या आकाशात तिथे अगदी फिकट हिरवट झाक असू शकते, पण कॅनव्हासवर होतो तो पोपटी.

इलाज मधल्या पट्ट्यात आहे. पिवळा आणि निळा यांच्यामध्ये आधी गुलाबी आणि मग जांभळट पट्टा लावा, दोन्ही पॅलेटवर वेगळे कालवून. पिवळा गुलाबीत मिसळला तर पीच होतो, गुलाबी निळ्यात मिसळला तर जांभळा होतो, आणि दोन्ही चालतात. काम क्षितिजाकडून वर न्या आणि फटकारे आडवेच ठेवा. दोन पट्ट्यांची हद्द सौम्य करायला कोरडा मऊ ब्रश हलक्या हाताने एकदा, फार तर दोनदा फिरवा. प्रत्येक फिरवण्यानंतर तो कापडाला पुसा. मळ होतो तो तिसऱ्या-चौथ्या वेळी, ‘अजून जरा नीट करू’ म्हणताना.

बर्फात उष्ण छटांना एक ब्रश आणि शीत छटांना दुसरा, आणि ते हातात अदलून-बदलून धरायचे. टर्पेंटाइनच्या एकाच भांड्यात दोन्ही बुचकळून काढले तर काही उपयोग नाही, कारण भांड्यातलं पाणचट राखाडी प्रत्येक फटकाऱ्याबरोबर चित्रात येतं. ब्रश आधी चिंधीने कोरडा पुसावा आणि टर्पेंटाइनचा वापर जमेल तेवढा टाळावा.

ओला रंग मळलाच, तर वर आणखी रंग चढवू नका. त्याने मळ फक्त वाढतो. पॅलेट नाइफ आडवा धरून तो भाग खरवडा. मग त्यावर शोषून घेणारा कागद ठेवा, तळहाताने हलकेच दाबा आणि सोलून काढा. जास्तीचं तेल आणि रंग कागदासोबत निघतो आणि खाली पातळ, कामाला योग्य थर उरतो. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवणाऱ्या हेन्री टाँक्सच्या नावावरून या युक्तीला ‘टाँकिंग’ म्हणतात. एवढं करूनही भाग चिखलासारखाच राहिला, तर त्या दिवशी थांबा. वाळल्यावर वर लावलेला नारिंगी खालच्या निळ्यात मिसळूच शकत नाही, त्यामुळे बर्फावरचं शेवटचं ऊन वाळलेल्या सावलीवर लावणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सावल्यांचा रंग

काळा आणि पांढरा मिसळून बर्फाची सावली करू नका. ती डांबरी रस्त्यासारखी दिसते. बर्फावरच्या सावलीला उजेड देतं ते डोक्यावरचं आकाश, म्हणून ती निळी. सूर्यास्ताचा गुलाबीपणाही थोडा तिच्यात उतरतो, म्हणून जांभळट. अल्ट्रामरीन, थोडा रोझ आणि पांढरा हा पाया. तो फार गोड, मिठाईच्या डब्यासारखा वाटला तर बर्न्ट सिएनाचा कण घालून दाबा. अलिझरिन क्रिमसन घेणार असाल तर ‘परमनंट’ लिहिलेला घ्या, जुना अस्सल अलिझरिन फिकट मिश्रणात उजेडाने उडून जातो.

एकाच निळ्याने सगळ्या सावल्या भरू नका. पॅलेटवर एका रांगेत चार-पाच ढीग करा, जवळच्या सावलीचा गडद आणि जास्त निळा, दूरचा फिकट आणि जांभळ्या-गुलाबीकडे झुकणारा. सूर्याचं बिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसतं, ते बिंदू नाही. त्यामुळे झाडाच्या बुंध्यापाशी सावलीची कड धारदार आणि शेंड्याकडे ती मऊ होत जाते. फांद्यांच्या सावल्या तर टोकाला विरूनच जातात. सावली बर्फाच्या उंचसखलपणावरून वळत जाऊ द्या, कारण नुसत्या पांढऱ्यात जमिनीचा आकार सांगायला दुसरं काही नसतं. जाड रंगही इथे नको. सावली पातळ आणि ऊन जाड, एवढी शिस्त पाळली तरी बर्फ सुधारतो.

दिवसा वेगळं, रात्री वेगळं

रात्री पिवळ्या बल्बखाली केलेलं चित्र सकाळी भलतंच दिसतं, ही तक्रारही वरचेवर येते. पिवळ्या उजेडात फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही आणि निळे मंद दिसतात, म्हणून आपण निळा वाढवतो. सकाळी सावल्या अंगावर येतात. ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग अचूक दाखवणारा दिवा लावा, त्याचा सीआरआय (रंग किती अचूक दिसतात याचा निर्देशांक, दिव्याच्या खोक्यावर लिहिलेला असतो) ९० च्या वर असावा. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्हींवर तोच उजेड पडला पाहिजे.

वाळल्यावर बिघडलेला बर्फ

काही ठिकाणी रंग वाळल्यावर निस्तेज, पावडरसारखा दिसतो. तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. चित्र स्पर्शाला पूर्ण कोरडं झालं की तेवढ्या भागावर माध्यमाचा अगदी पातळ हात चोळून जास्तीचं पुसून घ्या, मूळ छटा परत येते. टोन पुन्हा जोखायचा तो यानंतरच.

बर्फ काही महिन्यांनी पिवळट झाला, तर दोन गोष्टी पाहा: रंगात जवसाचं तेल किती घातलं होतं, आणि चित्र कुठे ठेवलं होतं. जवसाचं तेल पिवळं पडतंच, आणि अंधारात जास्त पडतं. कपाटात किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र काही आठवडे उजेडाच्या खोलीत ठेवलं, तर हा पिवळेपणा बराच उतरतो. पुढच्या वेळी बर्फाच्या छटांत माध्यम कमीत कमी घाला. करडईच्या तेलात घोटलेला पांढरा कमी पिवळा पडतो, पण तो सावकाश वाळतो; त्याच्यावर लवकर वाळणारे थर चढवले तर तडे जातात, म्हणून तो सर्वांत वरच्या हातालाच वापरा. टिटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रंग मुळात सावकाशच वाळतात, तेव्हा जाड बर्फ असलेल्या चित्राला व्हार्निश देण्याआधी सहा महिने तरी जाऊ द्या. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.